लिनक्सवर व्हिडिओ संकलन कसे शिकावे: गुऱ्हाळावरच्या तीन मिनिटांपासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.कॉम. झाले आहे, ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घातले आहे, चित्रण मोबाइलवर करता, करवीर तालुक्यात चुलत्यांचे गुऱ्हाळ आहे, आणि आता व्हिडिओ संकलन शिकून त्यावर चार पैसे मिळवावेत अशी इच्छा आहे; तर कोणते मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे, क्लास लावावा का आणि किती दिवस लागतील. मी कोल्हापुरात गेली २२ वर्षे हेच काम करतो. सुरुवात लग्नाच्या मिक्सिंगने झाली, पुढे संस्थांचे माहितीपट आणि शेतीविषयक चित्रफिती आल्या, आणि गेली १२ वर्षे माझे सगळे संकलन लिनक्सवरच होते.

निर्णय आधी सांगतो. केडेनलाइव्ह हे मुक्त संकलन सॉफ्टवेअर घ्या, सहा महिने दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरकडे पाहू नका, क्लासचे पैसे वाचवून त्यातून एक बाहेरची हार्ड डिस्क आणि एक बरा हेडफोन घ्या, आणि पहिली चित्रफीत चुलत्यांच्या गुऱ्हाळावर, तीन मिनिटांची, शीर्षकापासून शेवटच्या नामावलीपर्यंत पूर्ण करा. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांत जी मुले मागे पडली, ती बटणे न समजल्यामुळे पडली नाहीत. हातात आलेले फुटेज काय प्रकारचे आहे हे त्यांनी कधी पाहिलेच नाही, आणि त्यातून उद्भवलेली प्रत्येक अडचण सॉफ्टवेअरच्या माथी मारून ती दर महिन्याला नवे सॉफ्टवेअर बदलत राहिली. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी फुटेजसाठी ठेवला आहे.

सॉफ्टवेअरविषयी आवश्यक तेवढेच सांगतो. केडेनलाइव्हची सुरुवात जेसन वुड यांनी २००२ मध्ये केली आणि आज ते केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा भाग आहे. त्याच्या पोटात एमएलटी नावाचे इंजिन आहे, आणि त्याच इंजिनावर शॉटकट हे दुसरे संकलन सॉफ्टवेअरही चालते. शॉटकटचे कर्ते डॅन डेनेडी हे एमएलटीच्या मूळ निर्मात्यांपैकी एक आहेत. त्यामुळे या दोहोंतील फरक मांडणीचा आणि हाताच्या सवयीचा आहे, आणि पुढे कधी एकावरून दुसऱ्यावर जावे लागले तर फार अडणार नाही. ब्लेंडरमध्येही संकलनाची सोय आहे, परंतु ते मुळात त्रिमितीय चित्रांचे साधन असल्याने नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये. दा विंची रिझॉल्व्ह लिनक्सवर चालते आणि त्याची एक आवृत्ती विनामूल्य आहे, परंतु विनामूल्य आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: त्याची मूळ संहिता खुली नाही, आणि तुमच्या लॅपटॉपवर, स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय, ते तुम्हाला काम करू देणार नाही. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळणारी केडेनलाइव्हची आवृत्ती पुष्कळदा जुनी असते. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून ॲपइमेज, म्हणजे सगळे सॉफ्टवेअर सामावलेली एकच फाइल, उतरवून घ्या, तिच्या गुणधर्मांत जाऊन ती चालवण्याची परवानगी द्या, म्हणजे काहीही प्रस्थापित न करता ताजी आवृत्ती सुरू होईल.

आता फुटेजविषयी. काही वर्षांपूर्वी खासबाग मैदानातल्या एका कुस्तीचे चित्रण मी एका कार्यकर्त्याच्या मोबाइलवरून घेतले होते. लढत २० मिनिटांची होती आणि कडेला हलगी वाजत होती. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप क्रमाने मांडायच्या पट्टीवर, सुरुवातीला सगळे जुळत होते. १० मिनिटांनी काहीतरी खटकू लागले. अखेरीस तर टिपरू हलगीवर आदळताना दिसे आणि कडाडणारा आवाज मागाहून येई. मी दोन रात्री सॉफ्टवेअरला दोष देत होतो. दोष चित्रणात होता. मोबाइल प्रकाश आणि प्रोसेसरवरचा भार पाहून सेकंदाला कधी ३० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, नोंदवतो, कधी २८, कधी २९. याला बदलता फ्रेम दर म्हणतात. सरासरी २९.९ पडली असेल, तर २० मिनिटांत ३५,८८० फ्रेम होतात, आणि संकलनाच्या साधनाने त्या ३० च्या हिशेबाने मोजल्या की चित्र ४ सेकंदांनी आखूड होते. आवाज मात्र पूर्ण २० मिनिटांचाच राहतो. भाषणात ही तफावत उशिरा लक्षात येते, हलगीत लपत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त तो टाइमलाइनवर हात ठेवण्यापूर्वी करायचा असतो. अशी क्लिप आत घेतल्यावर केडेनलाइव्ह स्वतःच सूचना देते आणि संकलनाला सोयीच्या स्वरूपात रूपांतर करण्याचा पर्याय पुढे करते. घाईने ती खिडकी बंद न करता तो पर्याय स्वीकारा. फुटेज फार असेल तर हँडब्रेक या रूपांतराच्या साधनामध्ये फ्रेम दर स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडून रात्रभरात सगळ्या क्लिप एकदम रूपांतरित करून घ्याव्यात. रूपांतर करताना ३० चे २५ करू नका, कारण त्यात मधल्या फ्रेम गाळल्या जातात आणि चालणाऱ्या माणसाच्या हालचालीत झटके दिसू लागतात. फुटेज ३० चे असेल तर प्रकल्पही ३० चाच ठेवा.

चित्रणापूर्वीच काळजी घेता आली तर उत्तमच. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, आणि कॅमेऱ्याचा शटर त्याच्याशी जुळला नाही तर मंगल कार्यालयातल्या भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलमध्ये २५ फ्रेमची सोय असेल तर २५ फ्रेम आणि शटर एक पन्नासांश सेकंद ठेवा. नसेल तर ३० फ्रेम आणि शटर एक शतांश सेकंद. हे पट्टे नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने सुखासुखी जात नाहीत. त्याच वेळी सेटिंगमध्ये जाऊन चित्रणाचे स्वरूप एचईव्हीसीऐवजी एच.२६४ करा (दोन्ही चित्रण दाबून साठवण्याच्या पद्धती आहेत), कारण एचईव्हीसी उलगडताना जुना प्रोसेसर थकतो.

अर्थात एच.२६४ चित्रणही जुन्या लॅपटॉपवर अडखळू शकते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या स्वरूपात प्रत्येक फ्रेम संपूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण चित्र आणि त्यानंतर बराच काळ केवळ बदलांची नोंद, अशी ती साठवण असते. तुम्ही टाइमलाइनवर मधल्याच एखाद्या फ्रेमवर गेलात की संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथून पुढचे सगळे बदल मांडत यावे लागते. सरळ पाहताना हे जाणवत नाही. संकलक मात्र सतत मागेपुढे करत असतो. म्हणून प्रॉक्सी वापरा. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी सुरू केली की केडेनलाइव्ह प्रत्येक क्लिपची हलकी, लहान प्रत तयार करते, तुम्ही त्या प्रतीवर काम करता, आणि शेवटच्या रेंडरला, म्हणजे तयार फाइल बनवताना, ते आपोआप मूळ क्लिप घेते. ८ जीबी रॅमवर फुल एचडीचे काम मी याच पद्धतीने अनेक वर्षे केले आहे.

फाइली ठेवण्याच्या बाबतीत मी कठोर आहे, आणि तुम्हीही पहिल्या दिवसापासून तसेच व्हावे. प्रकल्पाच्या फाइलीत चित्रण नसते. कोणती क्लिप कुठे आहे, कुठे कापली आणि तिच्यावर काय केले, याची केवळ नोंद असते. क्लिप मोबाइलमधून थेट ओढून आणली, मोबाइल काढला, की टाइमलाइनवरची ती क्लिप हरवली म्हणून समजा. म्हणून प्रत्येक कामाचे एकच फोल्डर, त्यात चित्रण, ध्वनी, छायाचित्रे, प्रकल्प आणि तयार फाइली असे पाच उपफोल्डर, आणि पहिली क्लिप आत घेण्याआधी सगळे फुटेज त्यात उतरवलेले, असा माझा रिवाज आहे. उतरवलेल्या फुटेजची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर गेल्याशिवाय मेमरी कार्ड पुसायचे नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एका लग्नातल्या अक्षतांची क्लिप अशीच कायमची गेली, आणि मुलीच्या वडिलांना ते सांगण्याची वेळ माझ्यावर आली. ती संध्याकाळ मी अजून विसरलेलो नाही. जागेचा अंदाज असा बांधावा: सेकंदाला ५० मेगाबिट या दराने तासाभराच्या चित्रणाला साधारण २२.५ जीबी लागतात.

आता गुऱ्हाळ. हा विषय मी मुद्दाम सुचवला, कारण गूळ होण्याला स्वतःचा आरंभ आणि शेवट आहे. ऊस चरकात जातो, रस काहिलीत पडतो, भेंडीच्या रसाने मळी वर येते आणि ती काढली जाते, पाक दाट होत जातो, गूळ करणारा गुळव्या तो तयार झाल्याचे ठरवतो, काहील गार करण्याच्या वाफ्यात ओतली जाते आणि ढेप बांधली जाते. गोष्ट रचण्याचे ओझे तुमच्यावर नाही. तुम्हाला फक्त निवडायचे आहे, आणि निवड हाच या विद्येचा गाभा आहे. ४० मिनिटांचे चित्रण आणा आणि त्यातून ३ मिनिटे ठेवा.

एकच जागा जवळून पाहू. पाक झाला की नाही हे पाहण्यासाठी गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो. नवशिका हे सगळे एकाच लांबून घेतलेल्या दृश्यात ठेवतो, कारण त्याला काहीच टाकवत नाही. तुम्ही असे करा. वाफेने भरलेली काहील दूरून, ४ सेकंद. गुळव्याचा हात पाक घेऊन पाण्याकडे वळतो, आणि हात वळत असतानाच कट; हालचाल संपल्यावर कट केला तर तो डोळ्यांना टोचतो, हालचालीच्या मध्यात केला तर दिसतच नाही. पुढचे दृश्य पाण्यातल्या बोटांचे, अगदी जवळून, आणि इथे मात्र घाई करू नका: गोळी वळली जाईपर्यंत थांबा, मग ते ७ सेकंद होवोत की ९. त्यानंतर गुळव्याचा चेहरा. तो मान हलवेल किंवा कुणाला हाक देईल. ती हाक चेहऱ्याच्या आधीच, बोटांच्या दृश्यावर ऐकू येऊ द्या. आवाज चित्राच्या अर्धा-पाऊण सेकंद आधी आला की पाहणारा पुढच्या दृश्याकडे आपणहून वळतो. यासाठी चित्रणाच्या वेळी तेच काम तीन घाण्यांना, म्हणजे काहिलीच्या तीन फेऱ्यांना, तीन ठिकाणांहून टिपावे लागेल, आणि चुलवाणात चिपाडे सारणाऱ्या माणसाच्या आड येणार नाही अशी जागा आधी पाहून ठेवावी लागेल. वाफेत काच धूसर होते, तेव्हा एक मऊ सुती फडके खिशात असू द्या.

केडेनलाइव्हमध्ये या निवडीसाठी अगदी थोड्या कळा लागतात. जे, के आणि एल या तीन कळांनी क्लिप मागे, थांबलेली आणि पुढे चालते. हवा तो भाग आय आणि ओ ने आखायचा आणि व्ही ने टाइमलाइनवर घालायचा. टाइमलाइनवरची क्लिप रेषेपाशी तोडायला शिफ्ट आणि आर. पहिले आठ दिवस एवढेच करा. एक दृश्य विरून दुसरे उमटणे, फिरणारी चौकट, तारे पडणे यांपैकी काहीही पहिल्या चित्रफितीत घालू नका. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये मी हे सगळे वर्षानुवर्षे केले आहे आणि त्याने साधा कट कधीच सुधारला नाही.

आवाजाला चित्राइतकाच वेळ द्या. गुऱ्हाळावर चरकाच्या मोटारीचा अखंड घरघराट असतो, त्यामुळे चुलत्यांची मुलाखत तिथे उभे राहून घेऊ नका. शेतात, मोटार बंद असताना घ्या, आणि शक्य असेल तर दुसरा मोबाइल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आवाज नोंदवत ठेवा. नोंद सुरू झाल्यावर एकदा टाळी वाजवावी. पुढे कॅमेऱ्याचा ध्वनी संदर्भ म्हणून निवडला की केडेनलाइव्ह दुसरी नोंद त्याच्याशी आपोआप जुळवते, आणि कधी चुकलेच तर टाळीवर हाताने जुळवता येते. उरलेली घरघर कमी करण्यासाठी ऑडॅसिटी या ध्वनिसंकलनाच्या साधनात कोणी बोलत नसलेला दोन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून द्यावा लागतो. म्हणून मुलाखतीआधी थोडी शांतता नोंदवण्याची सवय लावा. ही सफाई जास्त केली तर माणूस रांजणातून बोलल्यासारखा ऐकू येतो, तेव्हा थोड्यावर समाधान माना. बोलण्याची पातळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी आणि शून्याला कधीही टेकू नये, कारण तिथे आवाज फाटतो.

मराठी शीर्षकांच्या बाबतीत लिनक्सवर आता विशेष अडचण नाही, फक्त मजकूर युनिकोडमध्ये असावा. दुकानांतून मिळणाऱ्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली नावे इथे चिन्हांचा गोंधळ होऊन उमटतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या आणि मोठ्या आकारात तपासा. तुमच्या पहिल्या शीर्षकातच कसोटी आहे: गुऱ्हाळ. साधा र वापरलात तर ह वर रफार चढून गुर्हाळ असे होईल. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ टंकावा लागतो, तेव्हाच तो ह च्या पोटाशी आडवा बसतो. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेही पाहा. टंकलेखनासारखी अक्षरे एकेक उमटवण्याचा परिणाम देवनागरीत एकेका चिन्हाने वापरू नका, कारण काना, मात्रा आणि हलन्त वेगवेगळे झळकून शब्द क्षणभर मोडलेला दिसतो. त्याच परिणामात शब्दागणिक उमटवण्याची सोय आहे, ती घ्या. संवादांच्या उपशीर्षकांसाठी केडेनलाइव्हमध्ये वेगळी पट्टी आहे. व्हिस्पर या साधनाच्या साहाय्याने ते बोलणे ओळखून मजकूरही तयार करते, मराठीसुद्धा, परंतु आपल्या रांगड्या बोलीतले शब्द त्याला नीट उमगत नाहीत आणि जुन्या लॅपटॉपवर ते फार वेळ घेते. तीन मिनिटांसाठी हातानेच टंका.

रंगाविषयी इतकेच की पहिल्या वर्षी फक्त उजेड आणि पांढरा रंग समान करा. एका दृश्यात चेहरा पिवळा आणि पुढच्यात निळा दिसू नये, एवढे साधले तरी काम नीटनेटके वाटते. वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, पाहण्याची सवय लावा, कारण जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर विश्वास ठेवता येत नाही.

रेंडर एमपी४ मध्ये, चित्र एच.२६४ आणि ध्वनी एएसी, असे करा. घरच्या टीव्हीवर आणि यूट्यूबवर ते चालते. पुढे लग्नाचे काम केलेत तर एक गोष्ट लक्षात ठेवा: तीन तासांची फीत सेकंदाला ८ मेगाबिटने रेंडर केली की १०.८ जीबीची होते, आणि एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. फीत अक्षता, जेवणावळ, वरात अशी भागांत तोडून द्यावी, किंवा पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीचा करून त्यांच्या टीव्हीवर आधी लावून पाहावा. गाण्यांच्या हक्कांचीही चौकशी आधी करा. लोकप्रिय गाणे टाकून चढवलेल्या फितीवर यूट्यूबवर दावा लागतो आणि ग्राहकाला वाटते की चूक तुमची आहे.

क्लास लावू नका असे मी म्हणतो, कारण आपल्याकडचे बहुतेक वर्ग एखाद्या सशुल्क सॉफ्टवेअरची बटणे पाठ करून घेतात, आणि ते सॉफ्टवेअर विद्यार्थ्याच्या घरी एक तर नसते किंवा चोरीचे असते. मीही पूर्वी ज्या दुकानात काम केले तिथे तशीच प्रत होती, आणि ऐन लग्नसराईत ती बंद पडून आठ जोडप्यांचे अल्बम अडकले. केडेनलाइव्ह उद्या कोणी बंद करू शकत नाही, आणि माझे १० वर्षांपूर्वीचे प्रकल्प आजही माझ्या हाती आहेत. याच शहरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता स्वतःच कॅमेरा घडवला, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथेच प्रभात फिल्म कंपनी उभारली. साधन आतून कळले की माणूस किती लांब जातो हे कोल्हापूरकराला वेगळे सांगावे लागू नये, आणि मुक्त सॉफ्टवेअरविषयी मला जी आपुलकी वाटते तिचे मूळ तिथेच आहे.

कामाविषयी स्पष्ट बोलतो. शहरातल्या लग्नाच्या स्टुडिओंत एडियस आणि प्रीमियर ही सशुल्क सॉफ्टवेअर चालतात, आणि तिथे नोकरी मागायला गेलात तर तेच विचारतील. त्यांच्याकडच्या तयार साच्यांच्या फायली केडेनलाइव्हमध्ये उघडणार नाहीत. परंतु कट कुठे करावा हे ज्याला कळते त्याला नव्या साधनाची बटणे समजायला दोन-तीन आठवडे पुरतात. शिवाय नोकरी हा एकच मार्ग नाही. सेंद्रिय गूळ विकणारे शेतकरी, बचतगट, तालमी, शाळांची स्नेहसंमेलने, छोटे कारखाने यांना तीन-चार मिनिटांच्या नेटक्या चित्रफिती हव्या असतात, आणि त्यांना सॉफ्टवेअरचे नाव विचारायचे नसते. रोज दोन तास दिलेत तर चार महिन्यांत तीन चित्रफिती पूर्ण होतील. त्या तीन घेऊनच काम मागायला जा, प्रमाणपत्र घेऊन नको.

गुऱ्हाळाची पहिली जोडणी तयार झाली की ती आधी गुळव्याला दाखवा. मळी काढण्याआधी तुम्ही चुकून दाट पाक दाखवला असेल तर ते त्याच्याच लक्षात येईल, आणि कोणत्या दृश्यापाशी तो पुढे सरकून पाहू लागतो तेही टिपून ठेवा. दुसऱ्या जोडणीत ते दृश्य दोन सेकंदांनी वाढवा.